दोन मीटर उंचीच्या चालकाने लांबच्या प्रवासासाठी कोणती अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल घ्यावी?

प्रश्न : लांबपल्ला

माझी उंची २०० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट सात इंच आहे. वजन १०५ किलो आहे आणि जांघेपासून टाचेपर्यंत पायाची लांबी ९७ सेंटिमीटर भरते. काही महिन्यांचा मोठा प्रवास एकट्याने करण्याचे ठरवले असून त्यात बराचसा रस्ता डांबरी, साधारण चौथा हिस्सा खडीचा व मातीचा असेल. सध्याच्या गाडीवर तासाभरात गुडघे आखडतात, टाकीच्या कडा गुडघ्यांच्या आतल्या बाजूला रुततात आणि वेग वाढला की हेल्मेट इतके थरथरते की संध्याकाळपर्यंत मान अवघडून जाते.

बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस अ‍ॅडव्हेंचर, होंडा आफ्रिका ट्विन ११०० आणि यामाहा टेनेरे ७०० या तीन गाड्यांवर माझी नजर आहे. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सीटची उंची अनुक्रमे ८९० ते ९१०, ८५० ते ८७० आणि ८७५ मिलिमीटर दिली आहे. या आकड्यांवरून निवड करता येईल का? माझ्या उंचीच्या माणसाने सर्वांत मोठीच गाडी घ्यावी, असे बहुतेक जण सांगतात. ते कितपत खरे आहे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : मोजपट्टी

सीटची उंची जमिनीपासून मोजलेली असते, आणि जमिनीला पाय टेकतील की नाही एवढेच ती सांगते. तुम्हाला तो प्रश्नच नाही. तुमचा प्रश्न गाडी चालू असतानाचा आहे, आणि त्या वेळी महत्त्वाचे असते ते सीट आणि फूटपेग (पाय ठेवायचे दांडे, थोडक्यात पेग) यांच्यातले अंतर. हे अंतर माहितीपत्रकात सहसा छापलेले नसते, म्हणून ते स्वतःच मोजावे लागते. सीट जमिनीपासून उंच असली तरी त्या उंचीतला बराच भाग लांब सस्पेन्शन आणि इंजिनाखालची मोकळी जागा यांत गेलेला असू शकतो. टेनेरेच्या खाली २४० मिलिमीटर, तर आफ्रिका ट्विनच्या खाली २५० मिलिमीटर मोकळी जागा आहे. सीट वर गेली आणि तिच्याबरोबर पेगही वर गेले, तर गुडघ्याला काहीच फायदा होत नाही.

थोडी भूमिती मांडतो, म्हणजे फरक किती मोठा असतो ते लक्षात येईल. तुमच्या उंचीला मांडीची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर आणि गुडघ्यापासून बुटाच्या तळापर्यंतची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर धरू. खुब्याचा सांधा आणि पेग यांच्यात ६५ सेंटिमीटर अंतर असेल, तर गुडघ्याचा कोन साधारण ७२ अंश होतो. हेच अंतर ७० सेंटिमीटर झाले की कोन ७८ अंशांवर जातो. पावणेसहा फुटी माणसाची मांडी ४४ आणि खालचा पाय ५२ सेंटिमीटर धरला, तर त्याला पहिल्याच मांडणीत ८५ अंश मिळतात. म्हणजे जी गाडी त्याला दिवसभर आरामाची वाटते, तिच्यावर तुमचा पाय अक्षरशः दुमडलेला असतो. सहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण पाच-सहा तास एकाच स्थितीत बसणाऱ्या गुडघ्याला ते फार मोलाचे असतात.

त्यामुळे दुकानात जाताना मोजपट्टी आणि एक सोबती घेऊन जा. नेहमीचे बूट आणि जॅकेट घालून बसा. गाडीला मेन स्टँड असेल तर तो लावावा, नसेल तर सोबत्याने ती सरळ धरावी. तुमच्या वजनाने सीट दबली की तिच्या सर्वांत खोल जागेपासून पेगच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर सोबत्याला मोजायला सांगा, आणि बाजूने एक छायाचित्रही काढून घ्या. खुबा, गुडघा आणि घोटा यांतून रेघा ओढल्या की कोन समोर येतो. तिन्ही गाड्यांची छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर कोणाच्याही सल्ल्यापेक्षा जास्त उलगडा होईल. त्यासोबत गुडघा टाकीला आणि बाजूच्या प्लास्टिकला कुठे लागतो तेही पाहा. टाकीत गुडघ्यांसाठी दिलेला खोलगटपणा सरासरी मांडीच्या लांबीला धरून असतो. लांब मांडीचा गुडघा त्या खोलगटपणाच्या पुढे, नेमका कडेवर जाऊन बसतो. तुम्ही म्हणता तो त्रास बहुधा याचाच आहे. अशा वेळी सपाट, एकसलग सीट असलेली गाडी उपयोगी पडते, कारण तीवर दहा-बारा सेंटिमीटर मागे सरकून बसता येते. मधे खोलगी आणि मागे उंचवटा असलेल्या सीटवर ती सोय नसते.

उत्तर : दूरगामी

मोजमापाबद्दल वर जे लिहिले आहे ते पटते, तरीही तुमचे वजन आणि प्रवासाची लांबी पाहता माझा कल स्पष्टपणे मोठ्या गाडीकडे आहे. आर १२५० जीएस अ‍ॅडव्हेंचरची टाकी ३० लिटरची आहे आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा फिरता दांडा) असल्यामुळे रोज साखळीला तेल देणे, ती ताणणे हे काम राहत नाही. इंधनासह तिचे वजन २६८ किलो आणि एकूण अनुज्ञेय वजन ४८५ किलो आहे, म्हणजे चालक आणि सामान मिळून २१७ किलो भार ती अधिकृतपणे पेलते. तुम्ही १०५ किलो, बूट, हेल्मेट आणि जॅकेटचे मिळून १० किलो, तीन पेट्या आणि त्यांतले सामान ५० किलो धरले, तरी हाताशी पुरेसे अंतर उरते. हीच बेरीज तुमच्या यादीतल्या प्रत्येक गाडीसाठी कागदावर करा. उंच माणसे सीटबद्दल चौकशी करतात आणि भारवहनाचा आकडा विसरतात, असे मला वारंवार दिसते.

एक गोष्ट मात्र बसून पाहिल्याशिवाय ठरवू नका. या गाडीच्या इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, त्यामुळे पाय पुढे ताणून गुडघ्यांना विसावा देण्याची सवय असेल तर इथे नडगी आणि बुटाचा पुढचा भाग अडतो. मोठ्या मापाचे बूट वापरणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून जाणवते.

आता वाऱ्याबद्दल, कारण तुमच्या मानेचा त्रास हा गाडीच्या आकाराचा नसून हवेच्या प्रवाहाचा आहे. विंडस्क्रीनच्या वरच्या कडेवरून हवा फाटते आणि तिच्या मागे भोवरे तयार होतात. सरासरी उंचीच्या चालकाचे डोके या भोवऱ्यांच्या खाली, शांत हवेत राहते. तुमचे डोके बरोबर भोवऱ्यांत येते. म्हणून उंच माणसाला पहिली इच्छा होते ती आणखी उंच काच बसवण्याची, आणि पुष्कळदा त्याने त्रास वाढतो, कारण भोवरे आणखी मोठे होऊन पुन्हा हेल्मेटपाशीच येतात. याची सोपी परीक्षा अशी : मोकळ्या, सरळ रस्त्यावर नेहमीचा वेग धरा आणि सीटवरून जरासे उठा, मग जरासे वाकून खाली या. उठल्यावर थरथर थांबून नुसता सलग वारा लागत असेल, तर तुम्हाला आहे त्यापेक्षा बुटकी काच हवी. छातीवर वारा येईल, पण डोके स्वच्छ हवेत राहील. वाकल्यावर शांतता मिळत असेल, तर काचेच्या वरच्या कडेला लावायची छोटी, कोन बदलता येणारी पट्टी बहुतेक वेळा पुरते. काच आणि गाडीचे तोंड यांच्यात हवा जाण्यासाठी फट ठेवली तरी भोवऱ्यांचा जोर कमी होतो. कानात इअरप्लग मात्र कोणत्याही परिस्थितीत घाला, कारण ताशी १०० किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबेलच्या वर जातो आणि दिवसभराचा तो मारा कानांचे कायमचे नुकसान करू शकतो.

उत्तर : खडीवाट

वरील उत्तराचा आदर ठेवूनही मी वेगळे मत नोंदवू इच्छितो. प्रवास एकट्याने करायचा आहे आणि चौथा हिस्सा रस्ता कच्चा आहे, या दोन गोष्टी प्रश्नात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. सामानासह ३२० किलोच्या पुढे गेलेली गाडी उताराच्या खडीवर आडवी झाली, तर दोन मीटर उंचीचा धडधाकट माणूसही ती उचलताना हात टेकतो. पहिल्यांदा उचलता येते, तिसऱ्यांदा पाठ नकार देते. किंबहुना उंच माणसाला जास्त खाली वाकून वजन उचलावे लागते, म्हणून कमरेवरचा ताणही जास्त असतो.

टेनेरे ७०० इंधनासह २०५ किलोच्या आसपास आहे. तिची टाकी १६ लिटरची आहे, ही उणीव मान्य करायलाच हवी, परंतु तिची सीट अरुंद आणि लांब आहे, तुमच्यासारख्याला मागे सरकायला वाव आहे, आणि उंच रॅली सीट (वेगळी मिळणारी, जास्त उंचीची सीट) बसवली की गुडघ्याचा कोन मोकळा होतो. याच मध्यम गटात केटीएम ८९० अ‍ॅडव्हेंचर आर हीदेखील पाहावी, असे सुचवतो. तिची सीट ८८० मिलिमीटरवर आणि सपाट आहे. तिची २० लिटरची टाकी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेली असल्यामुळे गुडघ्यांजवळचा भाग सडपातळ राहतो आणि इंधनाचे वजनही खाली राहते. उंच माणसाला मोठी गाडी शोभून दिसते हे खरे, पण शोभणे आणि अंगाला बसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बसण्याची मांडणी बदलता येते, गाडीचे वजन कमी करता येत नाही.

लांबपल्ला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज आफ्रिका ट्विन आणि टेनेरे या दोन्ही गाड्यांवर मोजमाप करून आलो. सीट वरच्या जागी लावल्यावर आफ्रिका ट्विनवर बसणे सुखाचे वाटले, परंतु पेगवर उभा राहिलो की दोन्ही गाड्यांवर हँडल मांड्यांच्या पातळीला येते आणि मला पाठीतून पुरते वाकावे लागते. कच्च्या रस्त्यावर बराच वेळ उभे राहून चालवावे लागणार असेल, तर यावर उपाय काय?

उत्तर : पानापकड

गाडी कोणतीही घेतली तरी हे काम तुम्हाला करावे लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी दुरुस्तीच्या कामात असल्यामुळे उंच चालकांच्या गाड्यांची मांडणी नेहमी करतो.

बसण्याची मांडणी आणि उभे राहण्याची मांडणी यांचा हिशेब वेगळा असतो. सीट उंच केली की बसल्यावर गुडघे सुटतात आणि बसल्या जागेवरून उभे राहणेही हलके होते. परंतु उभे राहिल्यावर हँडल आणि पेग यांतले अंतर होते तेवढेच राहते. पेग खाली घेतले तर दोन्हीकडे फायदा होतो, कारण बसल्यावर पाय सैल होतो आणि उभे राहिल्यावर तुमच्या मानाने हँडल वर येते. म्हणून उंच माणसासाठी पहिला खर्च मी खाली उतरणाऱ्या पेगवर करायला सांगतो. दोन ते तीन सेंटिमीटर पुष्कळ झाले. त्याहून खाली गेल्यास वळणावर पेग लवकर घासतात आणि खडकाळ वाटेवर आपटतात. पेग उतरवल्यानंतर गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचा पेडलही त्याच मापाने उतरवावा लागतो. बुटाचा पुढचा भाग जाड असेल तर गिअर लिव्हरखाली तो सहज सरकतो ना, हे बसून आणि उभे राहून दोन्ही प्रकारे तपासा.

त्यानंतर हँडलखाली रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, घाला. तीन सेंटिमीटरपर्यंत उंची वाढवणे बहुतेक गाड्यांना झेपते, मात्र बसवल्यानंतर एक तपासणी कधीही चुकवू नका. गाडी स्टँडवर लावून इंजिन मंद चालू ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज वाढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे असे समजावे. ज्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक आहे त्यांत हा धोका नसतो, पण ब्रेकची नळी, क्लचची केबल आणि स्विचच्या वायरी दोन्ही टोकांना सैल राहतात का, ते बोटाने चाचपून पाहावे लागते. हँडल फक्त वर न नेता चालकाकडे थोडे मागेही आणणारे रायझर मिळतात. ते तुम्ही घेऊ नका. तुमचे हात लांब आहेत, आणि हँडल मागे आले की उभे असताना ते मांड्यांना लागते.

शेवटी सस्पेन्शन, कारण त्याकडे दुर्लक्ष झाले तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. कारखान्यातून येणारी स्प्रिंग मध्यम वजनाच्या चालकाला धरून निवडलेली असते. मागचे चाक जमिनीवरून उचलून धुऱ्यापासून सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजा, मग सगळे सामान लादून, पूर्ण पोशाखात बसून तेच अंतर पुन्हा मोजा. दोहोंतला फरक सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका असावा. टेनेरेच्या मागच्या सस्पेन्शनची हालचाल २०० मिलिमीटर आहे, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या आसपास. आफ्रिका ट्विनची २२० आहे, म्हणजे ७३ च्या आसपास. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, पूर्ण आवळूनही फरक याहून बराच जास्त येत असेल, तर जास्त ताकदीची स्प्रिंग बसवण्यावाचून पर्याय नाही. मागची बाजू बसलेली गाडी पुढच्या चाकावर हलकी होते, खडीवर हँडल सरळ राहत नाही आणि रात्री हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जातो. स्प्रिंग बदलल्यावर गाडीची मागची बाजू वर येईल; तेव्हा साइड स्टँडवर ती किती झुकते ते सामानासह, मऊ जमिनीवर उभी करून पाहा, आणि फार झुकत असेल तर स्टँडच्या पायाखाली रुंद, जाड पट्टी जोडून घ्या.

तुम्ही मोजमाप केलेच आहे, तर आफ्रिका ट्विन आणि टेनेरे यांची सीट ते पेग अंतरे इथे लिहा. उंच रॅली सीट धरून टेनेरेचे अंतर आफ्रिका ट्विनच्या जवळपास येत असेल, तर तुमच्या वाटेसाठी मी टेनेरेच निवडेन आणि वाचलेल्या पैशांतून स्प्रिंग, पेग व जादा इंधनाची सोय करेन.