मदत हवी आहे: दोलकाला अवमंदन (हेलकावे हळूहळू शमवणारा विरोध) जोडायचे, पण कसे?

मंडळी, फोंड्याला बी.एस्सी.च्या मुलांना पायथनमध्ये स्प्रिंगचा दोलक करून दाखवतोय. आवर्तकाल १ सेकंद, पायरी (दर गणनेत काळ जेवढा पुढे सरकतो ती) ०.०१ सेकंद. साध्या ऑयलर पद्धतीने (जुन्याच स्थान-वेगावरून पुढचे दोन्ही काढायचे) दर पायरीला ऊर्जा (१ + कोनीय वारंवारतेचा वर्ग × पायरीचा वर्ग) पटीने वाढते, म्हणजे एका आवर्तनात जवळजवळ ४८ टक्के! आलेख गोगलगायीसारखा बाहेर फिरत जातो. मुलांना हे फार आवडले, तेव्हा ते ठेवणारच.

आधी वेग बदलून मग त्याच नव्या वेगाने स्थान काढले की ऊर्जा मर्यादेत हेलकावते. लीपफ्रॉगही (स्थान पूर्ण पायरीवर, वेग अर्ध्या पायरीवर काढणारी पद्धत) तसाच सभ्य. फक्त त्याचा काळ चुकतो: पायरी ०.१ केली तर दोलक सुमारे १.७ टक्के वेगाने धावतो आणि २९-३० आवर्तनांत खऱ्या उत्तराच्या अगदी उलट टोकाला पोचतो.

आता खरी अडचण. वेगाच्या प्रमाणातले अवमंदन घालायचे आहे. पण लीपफ्रॉगमध्ये वेग अर्ध्या पायरीवर असतो, बल मात्र पूर्ण पायरीवर लागते. मग कुठला वेग घ्यायचा? मागच्या-पुढच्या अर्ध्या वेगांची सरासरी, की अवमंदन वेगळे काढून वेगाला थेट घातांकी गुणक लावायचा? साइन-कोसाइनचे अचूक सूत्र माहीत आहे, पण पुढे मोठ्या कोनाचा लंबक घ्यायचाय, तिथे ते चालणार नाही. आरके-४ (चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा पद्धत) सुचवू नका. अवमंदन नसतानाही ते थोडी ऊर्जा खाते, मग खरे अवमंदन कुठले हे मुलांना कसे सांगू?

कोणी वर्गात हे केले असेल तर जरूर लिहा. चवथीच्या सुट्टीआधी प्रॅक्टिकल लावायचे आहे.