म्हशीचं ६.९ फॅट पोस्टग्रेसनं ६ केलं! क्वेरी तीच, उत्तर वेगळं

चिकोडीचा_कारकून: आमच्या गावच्या दूध संस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. जुना पीसी बसला, म्हणून रविवारी मायएसक्यूएलमधला सगळा डेटा पोस्टग्रेसवर (दोन्ही डेटाबेस, म्हणजे डेटा साठवायची सॉफ्टवेअरं) आणून सोडला. सोमवारी बिलं काढली तर ६.९ लागलेलं फॅट ६, गाईचं ४.१ होतं ते ४. शेजारच्या आक्का कार्ड घेऊन दारात: "काय रे, एका रात्रीत म्हैस आटली काय?" एरर कुठंच नाही. फॅट आम्ही ६९, ४१ असं बिनदशांशाचं ठेवतो नि क्वेरीत (डेटाबेसला लिहून दिलेल्या हुकमात) १० नं भागतो. क्वेरीला हात लावलेला नाही. दुसरी एक क्वेरी आहे, दोन अटींच्या मधे || असलेली, ती तर चालतच नाही.

निपाणी_५९१: पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की पोस्टग्रेस दशांश कापून टाकतं. एसक्यूएल सर्व्हर नि एसक्यूलाइट या डेटाबेसांचंही तसंच. मायएसक्यूएल ६.९००० देतं, ओरॅकल ६.९. भागिले १०.० करा, मग कुठंही न्या.

|| चं म्हणाल तर मायएसक्यूएल त्याला 'किंवा' समजतं, पोस्टग्रेस नि ओरॅकल मजकूर जोडतात. तिथं सरळ ऑर लिहा. एरर आली हे बरंच झालं म्हणा. उलट्या वाटेनं, पोस्टग्रेसकडनं मायएसक्यूएलला, गेला असता, तर नाव || गाव या क्वेरीनं मायएसक्यूएलमधे प्रत्येक सभासदापुढं गुपचूप ० छापलं असतं. बोंब मारणाऱ्या ऑपरेटरची (म्हणजे || सारख्या चिन्हाची) मला भीती नाही, गप्प बसणाऱ्याची आहे.

चिकोडीचा_कारकून: १०.० नं जमलं! आता नवीनच. इंग्रजी छोट्या अक्षरांत पाटील शोधलं तर एकही मिळत नाही. निम्मं गाव पाटलांचं आहे हो!

खानापूरकर: रजिस्टरात नावं कॅपिटलमधे असणार. मायएसक्यूएलचं लाइक (मजकूर शोधायचा शब्द) नेहमीच्या कोलेशनमधे, म्हणजे अक्षरं ताडायच्या नियमात, छोटं-मोठं अक्षर बघत नाही, पोस्टग्रेसचं बघतं. तिथं आयलाइक आहे, पण ते मायएसक्यूएलला कळत नाही. दोन्हीकडं चालायला हवं तर दोन्ही बाजूंना लोअर (अक्षरं छोटी करणारं फंक्शन) लावा. आमच्याकडं नावं कन्नडमधे, काही मराठीत. या लिप्यांत कॅपिटल नाहीच, त्यामुळं इतकी वर्षं ही भानगड मला माहीतच नव्हती.

आणखी एक बघा. पत्ता || नं जोडताना एखाद्याच्या गावाचा रकाना नल (काहीच न भरलेला) असला, तर पोस्टग्रेसमधे त्याचा अख्खा पत्ताच नल होतो. ओरॅकल नल सोडून बाकीचं जोडतं. कोअलेस घाला, ते नलच्या जागी आपण दिलेला मजकूर ठेवतं.

निपाणी_५९१: आणि क्वेरीत कुठं <=> (नल धरूनही दोन किमती सारख्या आहेत का बघणारं चिन्ह) असेल तर तेही मायएसक्यूएलचंच. पोस्टग्रेसमधे 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' लिहावं लागतं. लांबलचक आहे, इलाज नाही.

चिकोडीचा_कारकून: <=> दोन ठिकाणी सापडलं, बदललं. सोमवारची बिलं परत काढली, आक्कांचा फरकही दिला. पैसे मोजून घेतले नि म्हणाल्या, "म्हशीला उगीच दोन दिवस शिव्या घातल्या की रे."