मदत हवी आहे: लिनक्स टाकल्यावर वायफाय फक्त राउटरशेजारीच चालतंय, जुने लॅपटॉप आहेत

द्राक्षवेल:

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात अभ्यासिका चालते. एमपीएससी, पोलीस भरती, बारावी, सगळ्या वयाची मुलंमुली येतात. गावची पुण्यात नोकरीला असलेली मंडळी आपापले जुने लॅपटॉप देऊन गेली, त्यावर आमचं काम चाललंय. सगळ्यांवर विंडोज १० होतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आमचे पाचव्या पिढीचे. मुलं याच लॅपटॉपवर आधार, बँक, परीक्षेचे फॉर्म उघडतात, म्हणून अपडेट न मिळणारी सिस्टीम ठेवायची नाही असं ठरवलं आणि लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. ४ जीबी रॅमवर छान पळतं. मराठी टायपिंग लागलं, प्रिंटर तर लावल्या लावल्या ओळखला. फक्त वायफायनं जीव खाल्लाय.

पहिला लॅपटॉप २०१५ चा, आय-थ्री ५००५यू, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवलेली. राउटर कपाटावर आहे. त्याच्या खालच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला की नेट सुसाट. तोच खिडकीकडच्या बाकावर नेला की नेटवर्कचं नावच यादीतून गायब. मध्ये भिंत नाही, अंतर पंधरा-वीस फूट. त्याच बाकावर फोनला मात्र सगळ्या दांड्या. आतली कार्डं दाखवणाऱ्या एलएसपीसीआय कमांडमध्ये वायफाय कार्ड रिअलटेक आरटीएल ८७२३ बीई असं दिसतं.

दुसऱ्यावर वायफायचं चिन्हच येत नाही. कार्ड ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२.

करून पाहिलेलं: आरएफकिल लिस्टमध्ये सॉफ्ट आणि हार्ड ब्लॉक दोन्हीपुढे 'नो' येतं, म्हणजे वायफाय कुठं बंद केलेलं नाही. नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये वायफाय पॉवरसेव्ह ३ चं २ केलं, म्हणजे वीज वाचवणं बंद केलं, फरक शून्य. सांगलीत एका दुकानात दाखवलं. त्यांनी न उघडताच सांगितलं की दोन्ही कार्डं गेलीत, एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करू नका, भंगारात द्या. मला हे पटत नाही. गेलेलं कार्ड राउटरजवळ पूर्ण स्पीड कसं देईल?

बाहेरून लावायचं वायफायचं यूएसबी डोंगल हा उपाय मला माहीत आहे, पण वर्गणीचे पैसे आहेत, आणि डोंगल अभ्यासिकेत किती दिवस जागेवर राहील हे सांगता येत नाही. आधी आतलं कार्ड चालतंय का तेवढं बघायचंय. कृपया जाणकारांनी सांगा.

मिरजकर:

ताई, माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे सांगणाऱ्याचं काम हलकं होतं. दुसऱ्याचं नंतर बघू, पहिल्याचं आधी.

तुमचा राउटर दोन बँडचा आहे का? हे रिअलटेक कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे, ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही. फोनला ज्या दांड्या दिसतात त्या ५ च्या असू शकतात. दुसरं, राउटर आपोआप चॅनल १२ किंवा १३ वर जात असेल तर तेही बघा. आपल्याकडे १ ते १३ चालतात, अमेरिकेत ११ पर्यंतच, आणि काही जुन्या कार्डांत अमेरिकेचीच सेटिंग भरलेली असते. अशा कार्डाला १३ वरचं नेटवर्क दिसत नाही. तिसरं, राउटरच्या पासवर्डची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ (नवी पद्धत) ठेवली असेल तर जुनं कार्ड जोडलं जात नाही. डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र ठेवा.

आणि मुख्य प्रश्न: विंडोज असताना त्याच बाकावर रेंज येत होती का?

द्राक्षवेल:

दादा, सगळं तपासलं. २.४ चं नाव वेगळं करून फोन त्याच नावाला जोडला, तरी बाकावर पूर्ण दांड्या. चॅनल ६ वर पक्का केला. सुरक्षा डब्ल्यूपीए२ च आहे. लॅपटॉपची तक्रार तशीच राहिली.

विंडोजवर त्या बाकावर व्यवस्थित चालायचं. मुलं तिथंच बसून प्रश्नपत्रिका उतरवायची, म्हणून तर मला दुकानदाराचं पटेना. आत्ता बाकावरचा सिग्नलचा आकडा बघितला (उणे जितकं कमी तितका सिग्नल चांगला). कधी दिसतं तेव्हा उणे ८६ डीबीएम. टेबलावर उणे ५०.

पेन्शनर सातारा:

ताई, कार्ड शाबूत आहे. दुकानात ते उघडलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

या चिपवर अँटेनाच्या तारा लावायला दोन जागा असतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपन्यांनी खर्च वाचवायला एकच तार घातली. कोणत्या जागेवर तार आहे हे चिपच्या आतल्या छोट्या स्मृतीत लिहून ठेवायचं असतं. काही मॉडेलमध्ये ते चुकीचं लिहिलं गेलं. विंडोजसाठी कंपनीनं आपला ड्रायव्हर सुधारून दिला, त्यामुळे तिथं कुणाच्या लक्षात आलं नाही. लिनक्सचा ड्रायव्हर मात्र चिपमध्ये लिहिलंय त्यावर विश्वास ठेवतो आणि तार नसलेल्या जागेवरून ऐकत बसतो. ज्या लाइनीला ठिबकच जोडलेलं नाही तिचा व्हॉल्व्ह सोडावा, तसं झालं. राउटर अगदी जवळ असला तर उघड्या टोकालाही थोडं ऐकू येतं, म्हणून टेबलावर चालतं.

या ड्रायव्हरमध्ये अँटेना हातानं निवडायची सोय आहे. सांगतो तसं टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) लिहा, अक्षरं इंग्रजीतली लहान. आधी सुडो मॉडप्रोब, मग वजा चिन्ह लावून आर, मग ड्रायव्हरचं नाव आरटीएल८७२३बीई. यानं ड्रायव्हर उतरतो. मग परत सुडो मॉडप्रोब आणि ड्रायव्हरचं नाव, त्याच्यापुढे जागा सोडून एएनटी, अंडरस्कोर, एसईएल, बरोबरचं चिन्ह आणि २. एएनटीपासून २ पर्यंत मधे कुठं जागा सोडायची नाही. दहा सेकंद थांबा आणि आकडा बघा. सुधारला नाही तर २ ऐवजी १ देऊन बघा. यात बिघडण्यासारखं काही नाही, रीस्टार्ट केलं की सगळं पूर्वीसारखं होतं.

पण हे बाकावर बसून करा. टेबलावर केलंत तर फरक नीट कळायचा नाही.

द्राक्षवेल:

काका!! २ दिल्याबरोबर बाकावर उणे ५८!

लगेच व्हरांड्यात नेऊन बघितलं, तिथंही उणे ६९ आणि व्हिडिओ न अडकता चालला. पोरं भोवती गोळा होऊन बघत होती. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आता हे रीस्टार्टनंतरही राहावं यासाठी काय करायचं?

पेन्शनर सातारा:

छान झालं. उणे ८६ वरून उणे ५८ म्हणजे २८ डेसिबलचा फरक. दर दहाला दहापट, या हिशेबानं कार्डाला आता सहाशे पटीहून जास्त सिग्नल मिळतोय. नुसती सेटिंग बदलून एवढा फरक पडत नसतो, तार खरोखर दुसऱ्या जागेवरच आहे.

कायमसाठी ईटीसी फोल्डरात मॉडप्रोब डॉट डी नावाचं फोल्डर आहे. त्यात रूट म्हणून (सुडो लावून, पूर्ण अधिकारानं) एक नवी फाइल करा, नाव काहीही चालेल पण शेवटी डॉट कॉन्फ हवं. आत एकच ओळ: ऑप्शन्स, जागा, ड्रायव्हरचं नाव, जागा, आणि मघाचा अँटेनाचा पर्याय २ सकट. सेव्ह करून रीस्टार्ट. हीच चिप असलेला दुसरा लॅपटॉप कुणी दिला तर त्याला २ च लागेल असं नाही, तिथं दोन्ही आकडे देऊन बघायचे.

आणि पॉवरसेव्हचं तुम्ही केलंय ते तसंच राहू द्या. या चिपला झोपायची सवय आहे, मधेच नेट तुटतं.

कृष्णाकाठ:

ताई, दुसऱ्या लॅपटॉपचं मी सांगतो. माझ्याकडे तेच ब्रॉडकॉम ४३१४२ आहे आणि रोज वापरात आहे.

या कार्डाला लिनक्समधले खुले ड्रायव्हर चालत नाहीत, ब्रॉडकॉमचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो. तो इन्स्टॉल करताना आपोआप येत नाही, म्हणून चिन्ह दिसत नाही. तो उतरवायला नेट हवं आणि नेटला तो हवा, इथंच सगळे अडकतात. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं जोडा, नुसत्या चार्जिंगच्या केबलनं होणार नाही. फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटला ते तारेचं नेट म्हणून दिसतं, ड्रायव्हर लागत नाही. फोन अभ्यासिकेच्या वायफायवर असला तर तेच नेट केबलमधून जातं, तुमचा मोबाइल डेटा खर्च होत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमचं नाव दिसेल, ते निवडून लागू करा.

आता काळजीची जागा. बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतील. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलीही कळ दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, पुढं जाऊन 'येस', आणि तो पासवर्ड द्या. हा पडदा निसटला तर ड्रायव्हर असूनही चढत नाही आणि माणूस पुन्हा कार्डाला दोष देतो. त्या वेळी लॅपटॉपसमोरून उठू नका.

एक लक्षात असू द्या. या ड्रायव्हरचं मूळ २०१५ चं आहे, नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) तो चालावा म्हणून उबंटूची (मिंट ज्यावर उभं आहे त्या लिनक्सची) मंडळी त्याला ठिगळं लावत असतात. तेव्हा त्या लॅपटॉपवर कर्नल हौसेनं पुढचा टाकू नका. मिंट २२ सोबत आलेला ६.८ ठेवा. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

द्राक्षवेल:

दादा, दुसरापण लागला. निळा पडदा आला तेव्हा हातात कागद घेऊनच बसले होते. पहिल्याची फाइलही केली, रीस्टार्टनंतर रेंज टिकून आहे.

एक शेवटचं विचारते, आता इथंच विचारलेलं बरं. तिसऱ्या लॅपटॉपचं वायफाय ठीक आहे पण लाइट गेली आणि बॅटरी उतरली की त्याची तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते. मग सरकारी साइट उघडत नाहीत, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. एका मुलीचा फॉर्म मुदतीच्या शेवटच्या दिवशी यामुळेच अडकला. फोनवरून भरला म्हणून निभावलं. हा पण सिस्टीमचा दोष का?

मिरजकर:

नाही ताई, तो आतल्या घड्याळाच्या सेलचा दोष. साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. लॅपटॉपची तारीख त्याच्या बाहेर गेली की ब्राउझर नकार देतो. सीआर २०३२, ३ व्होल्टचा बटण सेल, घड्याळवाल्याकडे सहज मिळतो. फक्त खोलून आधी बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो दोन तारांना जोडलेला, प्लास्टिकच्या वेष्टनात असतो, तेव्हा तसाच तारवाला घ्यावा लागेल. खोलण्याआधी चार्जर काढा, बॅटरी सुटी करा.

सेल मिळेपर्यंत तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू ठेवा. नेट जोडलं की थोड्या वेळात तारीख आपोआप दुरुस्त होते. मुलांना सांगून ठेवा, फॉर्म उघडण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघायची.

द्राक्षवेल:

पर्याय चालू केला. सेल तारवालाच आहे, उघडून बघितलं. मंगळवारी सांगलीला जाणं आहे, तेव्हा आणते. तुम्ही तिघांनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवून अभ्यासिकेत ठेवलंय, पुढचा लॅपटॉप आला की मुलंच करतील. धागा सोडवला म्हणून खूण करते.