नवा जन्म: पाण्यात, प्रार्थनेत की वरून?

शरणपूर_रोड

ईस्टरच्या सुमारास 'येशूचा पुनर्जन्म' असा मथळा कुठे ना कुठे दिसतोच. आणि कोणी 'मी बॉर्न अगेन ख्रिस्ती' म्हणालं की शेजारपाजारचे विचारतात, 'म्हणजे तुमच्यातही पुनर्जन्म मानतात?' दोन्हीकडे शब्द चुकलाय. येशूचं झालं ते पुनरुत्थान. आणि नवा जन्म हा मेल्यानंतरचा नव्हे, तो याच देहात, याच आयुष्यात होतो.

पण बाहेरच्यांना तरी काय बोलायचं? नाशिकरोडच्या बाळ येशूच्या कॅथलिक देवळापासून नाशिकातल्याच शरणपूरच्या जुन्या प्रोटेस्टंट वस्तीपर्यंत आणि तिथून भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळ्यांपर्यंत विचारत गेलात तर तीन उत्तरं मिळतील. एक, बाप्तिस्म्यात, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या पाण्याच्या विधीत होतो. दोन, पश्चात्ताप करून येशूला स्वीकारलंत त्या क्षणी होतो. तीन, देव करतो, आणि नेमका कधी केला ते माणसाला कळेलच असं नाही. मी तिसऱ्या बाजूचा.

कारण योहानाच्या शुभवर्तमानाचा ३रा अध्याय. निकदेम हा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहुद्यांचा अधिकारी, रात्री येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की नव्याने जन्मल्यावाचून कोणाला देवाचं राज्य दिसत नाही. इथे ग्रीक शब्द आहे 'अनोथेन'. त्याचे अर्थ दोन: 'नव्याने' आणि 'वरून'. निकदेम मात्र उत्तर देताना 'देउतेरोन' म्हणतो, म्हणजे 'दुसऱ्यांदा'. म्हणून तर तो आईच्या उदरापर्यंत जाऊन पोचतो. त्याच अध्यायात ३१व्या वचनात 'जो वरून येतो' असं आहे, तिथे अनोथेनच. १९:११ला रोमी सुभेदार पिलाताशी बोलताना 'वरून', १९:२३ला झगा 'वरपासून' विणलेला, तिथेही तोच शब्द. योहानाचा कल स्पष्ट आहे.

दुसरं, क्रियापद. 'गेनाओ' हे मुख्यतः बापाने जन्म देण्यासाठी येतं, आणि इथे ते कर्मणी आहे. मराठीत 'जन्मणे' म्हटलं की बाळच कर्ता होऊन बसतं, सगळा घोळ तिथे. 'तुम्हांला नव्याने जन्मले पाहिजे' ही आज्ञा म्हणून वाचली जाते, पण ती आज्ञा नाही. द्राक्षबागेला ऑक्टोबरात छाटणी पाहिजे म्हणतो तेव्हा वेलीला हुकूम सोडलेला नसतो. कात्री दुसऱ्याच्या हातात असते.

पास्काची_मेणबत्ती

ग्रीक छान समजावलंत, पण तिसऱ्या वचनावरच थांबलात. पाचवं वाचा: 'पाण्यापासून व आत्म्यापासून'. पाणी येशूने स्वतः घातलंय, आमच्या रोमच्या चर्चने नाही. तीताला लिहिलेल्या पत्रात (३:५) 'नव्या जन्माचे स्नान' असे शब्द आहेत. मराठी कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात ते उगाच नाही. इ.स. १५०च्या आसपास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक बाप्तिस्म्याचं वर्णन करतो तेव्हा याच संवादातलं वचन देतो आणि त्याला नवा जन्मच म्हणतो.

'देव करतो' हे आम्हीही मानतो, उलट आम्हीच जास्त मानतो. तान्ह्या बाळाने स्वतःहून काय केलेलं असतं? आईबाप आणि धर्ममातापिता विश्वास कबूल करतात, कपाळावरून तीनदा पाणी वाहतं, 'मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो' एवढे शब्द, मग ख्रिस्म या पवित्र तेलाचा अभ्यंग, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती. यात बाळाचा पराक्रम शून्य.

चुका कुठे होतात तेही सांगते, कारण त्यातून विधीचा अर्थ कळतो. ओल्या बोटाने कपाळ पुसणं पुरत नाही, पाणी अंगावरून वाहायला हवं. नुसते दाट केस भिजले तर शंका राहते. पाणी एकाने ओतायचं आणि शब्द दुसऱ्याने म्हणायचे, हेही चालत नाही. आणि 'मी' हा शब्द बदलायचा नाही. काही ठिकाणी कुटुंबाला सामील करून घ्यायच्या उत्साहात 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' म्हणत होते. २०२०च्या ऑगस्टमध्ये व्हॅटिकनने तो बाप्तिस्मा अवैध ठरवला. कारण तिथे ख्रिस्त कर्ता आहे, जमलेली मंडळी नव्हे. झाला की नाही अशी खरी शंका असेल तरच 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' अशी अट घालून देतात. एरवी दुसऱ्यांदा नाहीच. दोनदा कोण जन्मतं?

केडगाव_लोकल

ताई, विधीची माहिती चोख आहे, पण माणूस कुठे आहे त्यात? प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन जादूगाराचा बाप्तिस्मा रीतसर झाला, आणि लगेच पेत्र त्याला म्हणतो की तुझं अंतःकरण देवाच्या दृष्टीने सरळ नाही. उलट १०व्या अध्यायात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी आत्मा आधी उतरतो, पाणी नंतर. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या ज्या चोराला त्याने स्वर्गाचं वचन दिलं, त्याला तर पाण्याचा थेंब मिळाला नाही. मग जन्म पाण्यात होतो हा नियम टिकला कुठे?

आणि दूर कशाला जायचं? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्या स्वतः सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त नाही. आठ वर्षं! एवढी संस्कृतज्ञ, हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करणारी बाई. त्या मधल्या काळाला तुम्ही काय म्हणाल?

योहान १:१२-१३ बघा. ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला. स्वीकार माणसानेच करायचा ना?

शरणपूर_रोड

@केडगाव_लोकल, १२वं वाचून १३व्याच्या दारात थांबू नका. 'रक्तापासून नव्हे, देहाच्या इच्छेपासून नव्हे, पुरुषाच्या इच्छेपासूनही नव्हे'. तीन नकार एका दमात. योहानाच्या पहिल्या पत्रात (१ योहान ५:१) तर विश्वास ठेवणारा देवापासून 'जन्मलेला आहे', तिथे ग्रीकमध्ये पूर्ण काळ आहे. जन्म आधीच झालाय, विश्वास हा त्या बाळाचा पहिला टाहो.

@पास्काची_मेणबत्ती, आमच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या घरातलं भांडणही ऐका. १६६२च्या प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्म्यानंतर 'हे मूल नव्याने जन्मलेलं आहे' असं सरळ म्हटलंय. गॉरहॅम नावाच्या पाळकाने ते बिनशर्त मानायला नकार दिला, एक्सेटरच्या बिशपांनी त्याला नेमणूक नाकारली, आणि प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठापर्यंत गेलं. १८५० मध्ये निकाल गॉरहॅमच्या बाजूने लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं, आणि ती सोसायटी गॉरहॅमच्याच इव्हँजेलिकल वळणाची, विधीपेक्षा वैयक्तिक विश्वासावर भर देणारी. म्हणजे आपल्या शहरात हा वाद इंग्लंडातून पेटीत भरूनच आलाय. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बाळाचा बाप्तिस्मा आणि विश्वासूचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य करून एकत्र आले. वाद मिटला नाही, त्याला एकाच छपराखाली जागा दिली. मला तो शहाणपणा वाटतो.

पास्काची_मेणबत्ती

शहाणपणा की सोय, ते तुमचं तुम्ही ठरवा.

रमाबाईंबद्दल: 'वैध' आणि 'फलद्रूप' हे दोन शब्द वेगळे ठेवा. प्रौढाने विश्वास आणि पश्चात्तापाशिवाय पाणी घेतलं तर संस्कार वैध होतो, पण कृपेला अडसर राहतो. अडसर निघाला की तोच बाप्तिस्मा फळतो, पुन्हा द्यावा लागत नाही. शिमोन या अडसराचं उदाहरण. रमाबाईंचं मन कोणी तोलावं? पण त्यांच्या आठ वर्षांत कृपा गैरहजर होती हे त्यांच्या जाणिवेवरून सिद्ध होत नाही. कर्नेल्याचं म्हणाल तर आत्मा उतरल्यावरही पेत्राने बाप्तिस्म्याची आज्ञा केलीच. आणि चोराला आम्ही कधीच बाहेर ठेवलं नाही. इच्छेचा बाप्तिस्मा, म्हणजे पाणी मिळालं नाही तरी मनापासूनची ओढ पुरते, ही जुनी शिकवण आहे.

प्रौढांना आम्ही घाईने पाण्यात घालतो असंही नाही. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी उमेदवारांच्या निवडीचा विधी, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे तीन विधी, मग पास्का जागरणाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. त्याआधी शिकवणीचे महिने वेगळेच.

व्याकरणवेडा

मधेच येतो. योहान ३:८ मध्ये 'वारा पाहिजे तिकडे वाहतो' आणि पुढे 'आत्म्यापासून जन्मलेला' असं आहे. ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'न्यूमा', एकच शब्द. मराठीत श्लेष मोडतो असं सगळे म्हणतात. मला वाटतं मोडत नाही, भलतीकडे जातो. आपल्याकडे अंगात 'वारं' येतं! काही मंडळ्यांत थरथरणं, मोठ्याने ओरडणं, पडणं हीच नव्या जन्माची खूण धरली जाते त्यामागे हे वारंच असावं. पण वारं येतं आणि उतरतं. पेत्राचं पहिलं पत्र (१:२३) नव्या जन्माला 'अविनाशी बीज' कारण म्हणून सांगतं. उतरलं तर ते हे नव्हे.

पंचवटीकर

मी ख्रिस्ती नाही, अभ्यास म्हणून विचारतो. उपनयनाने माणूस 'द्विज' होतो, म्हणजे दुसरा जन्म इथेही आहेच. रामकुंडावर स्नानाने पाप जातं ही श्रद्धा आहे. मग वेगळं काय? कवी ना. वा. टिळकांसारख्या ब्राह्मण माणसाला, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना, द्विज असून तिसरा जन्म कशाला हवा होता?

केडगाव_लोकल

प्रश्न आवडला. फरक असा: उपनयनाचा अधिकार आधीच्या जन्मावर ठरत आला, कुळावर आणि लिंगावर. योहान १:१३ नेमकं तेच कापतं, 'रक्तापासून नव्हे'. निकदेम हा यहुद्यांतला द्विजच समजा. त्याला, म्हणजे सगळी पात्रता असलेल्याला, येशू म्हणतो की तुलाही सुरुवातीपासून. पुढच्याच अध्यायात शोमरोनी बाईला जिवंत पाणी देऊ करतो, जिची पात्रता लोकांच्या लेखी शून्य होती. स्नानाचं म्हणाल तर रामकुंडावर ते पुन्हा पुन्हा करता येतं, आमच्यात एकदाच. त्यावर मेणबत्तीताईंचं आणि माझं एकमत आहे, फक्त कुठलं 'एकदा' यावर भांडण.

आमच्या बाजूचा दोषही मान्य करतो. सभेच्या शेवटी 'हात वर करा, माझ्यामागे प्रार्थना म्हणा', मग कार्ड भरून घेतात आणि 'आज तुमचा नवा जन्म झाला' असं जाहीर करतात. अशी ठरावीक प्रार्थना बायबलमध्ये कुठेही नाही. प्रार्थना म्हणणं आणि पश्चात्ताप करणं या दोन गोष्टी एक धरल्या की आकडा फुगतो आणि तीन महिन्यांनी खुर्च्या रिकाम्या. बाप्तिस्म्याआधी विचारायचं ते असं: कुणाशी बोलणं बंद आहे? उसने घेतलेले परत केले का? घरात हात उगारणं थांबलं का? जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, त्याच्याकडून कुणी कार्ड भरून घेतलं नव्हतं. १ योहानात खुणा तीन: नीतीने वागणं (२:२९), प्रीती (४:७), येशू हाच ख्रिस्त हा विश्वास (५:१). तारीख एकाही वचनात नाही.

शरणपूर_रोड

'तारीख नाही' हे तुम्ही लिहिलंत, मी नाही. नोंद असावी.

फक्त १ योहान ३:९ जपून वापरा. 'देवापासून जन्मलेला पाप करत नाही' यावरून चांगली माणसं रात्र रात्र तळमळतात की माझा जन्म झालाच नसेल. तिथे वर्तमानकाळ चालू क्रियेचा आहे, पाप करत राहत नाही. आणि त्याच पत्रात १:८ला 'आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो' हेही आहे.

पंचवटीकर

मंडळाच्या अंकासाठी ईस्टरवर टिपण लिहायचंय. 'पुनर्जन्म' टाळायचा हे कळलं. मग शब्द कोणते?

शरणपूर_रोड

येशूसाठी 'पुनरुत्थान'. माणसासाठी 'वरून जन्म'.

व्याकरणवेडा

'वरून जन्म' मराठीत उभं राहत नाही हो, गच्चीवरून पडल्यासारखं वाटतं. 'नवा जन्म' लिहा.

पास्काची_मेणबत्ती

'नवा जन्म' चालेल. पण टिपणात पाण्याचा उल्लेख ठेवा, निदान एका वाक्यात.

केडगाव_लोकल

ठेवा. पण त्याच वाक्यात आत्माही ठेवा, योहानाने ठेवलाय तसा.