मदत हवी आहे: शकुंतला रेल्वे आणि दारव्ह्याचे जिन

नमस्कार मंडळी,
मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेजवरच्या, म्हणजे आपल्या शकुंतलेवरच्या, जिनिंग-प्रेसिंगच्या आठवणी मी गोळा करतोय. माझे आजोबा दारव्ह्याच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, होते. बैलगाडीतून कापूस यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या दाबलेल्या गाठी गाडीत चढायच्या. मूर्तिजापूरला त्या उतरवून पुन्हा ब्रॉडगेजच्या डब्यांत भराव्या लागत. रुळांची रुंदीच वेगळी! ही दुहेरी हमाली करणाऱ्यांबद्दल कुठेच काही लिहिलेलं सापडत नाही, याची फार खंत वाटते. 1921 साली मँचेस्टरला बनलेल्या आणि 1994 पर्यंत धावलेल्या इंजिनावर मात्र भरपूर मजकूर आहे.

कारंजा, दारव्हा मोतीबाग, लाडखेड इथल्या कुणाकडे जुने फोटो, मालाच्या पावत्या, हजेरीपट आहेत का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराल का, प्लीज?