स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला अडवणारे खासदार : पक्षद्रोह की कर्तव्य?

भीमाकाठ (धागालेखक)

अमेरिकेतील एखादा खासदार आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत देतो, तेव्हा त्याला गद्दार म्हणायचे की कर्तव्यदक्ष, हा प्रश्न आपल्या गप्पांतही हल्ली वरचेवर निघतो. विरोधी पक्षाचा विरोध राष्ट्राध्यक्षाने गृहीतच धरलेला असतो, त्यामुळे त्याला खरा लगाम घालू शकतात ते स्वपक्षीयच, आणि तो घालणे हे त्यांचे कामच आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी मी १९३७ सालचे उदाहरण मांडतो, कारण त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाचे बळ जितके होते तितके फार थोड्या वेळा कोणाला लाभले असेल.

फ्रँकलिन रूझवेल्ट १९३६ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून आले होते, आणि ९६ जणांच्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे सत्तरहून अधिक सदस्य होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांचे मंदीतून वर काढणारे कायदे एकामागून एक रद्द ठरवले होते. ५ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, योजना ठेवली की, सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा न्यायाधीश नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला मिळावा. अशा जास्तीत जास्त सहा नेमणुका होऊ शकत होत्या आणि त्या वेळी सत्तरीपुढचे न्यायाधीशही नेमके सहाच होते, म्हणजे नऊ जणांचे न्यायालय पंधरा जणांचे झाले असते. कारण सांगितले गेले ते वृद्ध न्यायाधीशांना काम उरकत नसल्याचे.

ही योजना हाणून पाडण्यात पुढे होते ते मोंटाना राज्याचे सिनेटर बर्टन व्हीलर. ते डेमोक्रॅट होते, पुरोगामी होते, आणि रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्ष व्हावे असे १९३० सालीच जाहीरपणे म्हणणारे होते. २२ मार्च रोजी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे त्यांनी सरन्यायाधीश ह्यूज यांचे पत्र वाचून दाखवले. न्यायालयाचे काम मुळीच तुंबलेले नाही, आणि न्यायाधीश वाढवले तर ऐकणारे, चर्चा करणारे आणि पटवून घ्यावे लागणारे लोक वाढून काम उलट मंदावेल, असे त्या पत्रात शांतपणे सांगितले होते. त्या एका पत्राने योजनेचे वरचे कारण गळून पडले आणि आतला हेतू उघडा राहिला. पुढे समितीने १० विरुद्ध ८ मतांनी विधेयक फेटाळण्याची शिफारस केली, आणि असे काही पुन्हा कोणी स्वतंत्र लोकांच्या प्रतिनिधींपुढे आणू नये इतक्या निःसंदिग्धपणे ते फेटाळावे, असे आपल्या अहवालात लिहिले. विरोधातल्या त्या दहांपैकी बहुतेक जण डेमोक्रॅट होते. राष्ट्राध्यक्षांसाठी किल्ला लढवणारे बहुमतनेते जोसेफ रॉबिन्सन १४ जुलै रोजी अचानक वारले, आणि २२ जुलै रोजी सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत पाठवले, म्हणजेच पुरले.

रूझवेल्ट मला अमेरिकेच्या इतिहासातील अत्यंत आदरणीय नेते वाटतात, आणि त्यांचे बहुतेक कायदे मला पटतात. तरीही त्या दिवशी मी सिनेटमध्ये असतो तर व्हीलर यांच्या बाजूने मत दिले असते.

उत्तररात्र

आपण उदाहरण चांगले मांडले आहे, पण ते जिथे थांबवले आहे तिथे मला थांबता येत नाही. कोट्यवधी मतदारांनी एका माणसाला आणि एका कार्यक्रमाला कौल दिला असताना, त्याच कार्यक्रमाच्या नावाने निवडून आलेल्या खासदारांनी तो रोखून धरावा, हे मला लोकशाहीचे भूषण वाटत नाही. शिवाय न्यायालयाने मार्च आणि एप्रिल १९३७ मध्ये आपली दिशा बदलली आणि किमान वेतन व कामगार संघटनांसंबंधीचे कायदे वैध ठरवले. राष्ट्राध्यक्षांच्या धमकीमुळेच न्यायालय नमले की नाही यावर इतिहासकारांचे मतभेद आहेत, पण दबावाशिवाय काहीच हलले नसते असे मला वाटते.

माझा मुख्य आक्षेप पुढचा आहे. बंडाचे नेतृत्व व्हीलर यांनी केले खरे, पण त्या बंडाला बळ मिळाले ते दक्षिणेकडील डेमोक्रॅट सिनेटरांकडून. त्याच दक्षिणेकडील सिनेटरांनी १९३८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झुंडबळीविरोधी विधेयक आठवडेच्या आठवडे भाषणे लांबवून अडवले आणि अखेर मारले. कृष्णवर्णीय माणसाला जमावाने ओढून नेऊन झाडाला लटकवले तर केंद्र सरकारने दखल घ्यावी, एवढेच त्या विधेयकाचे मागणे होते. रूझवेल्ट स्वतः त्या विधेयकामागे जोर लावून उभे राहिले नाहीत, कारण महत्त्वाच्या समित्या या दक्षिणेकडील ज्येष्ठ सदस्यांच्या हाती होत्या आणि त्यांना दुखावले तर बाकीचे सर्व कायदे अडकतील ही भीती त्यांना होती. स्वपक्षीय खासदार राष्ट्राध्यक्षाला वेसण घालतात तेव्हा काय होते, याचे हेही उदाहरण आहे, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे आपण जाणता.

भीमाकाठ

झुंडबळीविरोधी विधेयकाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी मूळ लेखनात घ्यायला हवा होता. तरीही माझा प्रश्न अधिकाराचा आहे. उद्या न्यायालयाचे सदस्य वाढवण्याचा हाच अधिकार अशा राष्ट्राध्यक्षाच्या हाती गेला, की ज्याचा कार्यक्रम आपल्याला घृणास्पद वाटतो, तर आपण त्याला अडवायला कोणाकडे पाहणार आहात?

माणदेशी पाऊल

दोन्ही बाजू वाचताना एक फरक जाणवला. व्हीलर आपल्या लोकसभेत असते आणि पक्षाचा व्हिप मोडून त्यांनी मत दिले असते, तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नसते तर, त्यांची खासदारकी धोक्यात आली असती. अमेरिकेत पक्षाला सदस्याची जागा काढून घेता येत नाही. त्यामुळे तिथल्या खासदाराचे धैर्य मोजताना आपली फूटपट्टी लावू नये. त्याला भीती असते ती पुढच्या निवडणुकीची.

न्यू जर्सीकर

माणदेशी पाऊल यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ही पुढची निवडणूक म्हणजे नोव्हेंबरची नव्हे, तर त्याआधीची, पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत प्रायमरी. रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये तिचाच वापर करून बंडखोरांना घरी बसवायचे ठरवले. ११ ऑगस्ट रोजी जॉर्जिया राज्यातील बार्न्सव्हिल या गावी ग्रामीण वीजप्रकल्पाचा समारंभ होता. भाषणाच्या सुरुवातीला त्यांनी वॉर्म स्प्रिंग्ज येथील आपल्या घरचे विजेचे बिल न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्कच्या दराच्या चौपट कसे आले होते हे सांगितले, आणि गावोगावी स्वस्त वीज हवी हा विचार तिथून सुरू झाला असे म्हटले. मग त्याच व्यासपीठावर बसलेल्या सिनेटर वॉल्टर जॉर्ज यांना त्यांनी आपला मित्र म्हटले आणि लगेच, मी इथला मतदार असतो तर यांना मत दिले नसते, असे जाहीर केले. जॉर्ज उठले, राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन केले आणि आव्हान स्वीकारत असल्याचे त्यांना तिथेच सांगितले. प्रायमरीत जॉर्ज जिंकले आणि राष्ट्राध्यक्षांचा उमेदवार तिसरा आला. मेरीलँडमध्ये टायडिंग्ज आणि दक्षिण कॅरोलिनात स्मिथ हेही तगले. पडले ते फक्त न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जॉन ओकॉनर.

आता २०२१ पाहा. १३ जानेवारी रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधीगृहातील दहा रिपब्लिकनांनी मत दिले. पुढच्या निवडणुकीला त्यांपैकी चौघे उभेच राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत हरले आणि दोघे परत आले. वायोमिंगच्या लिझ चेनी सुमारे ३७ टक्क्यांच्या फरकाने हरल्या. परत आलेले दोघे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांतले होते, जिथे सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोन पुढे जातात. वॉशिंग्टनच्याच जेमी हेरेरा ब्यूटलर त्या पद्धतीतही हरल्या, म्हणून तो रामबाण उपाय नव्हे, पण फरक पडतो हे खरे. ज्या प्रायमरीने १९३८ मध्ये खासदाराला राष्ट्राध्यक्षापासून वाचवले, तीच २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडलेल्या माणसाच्या हातातले शस्त्र झाली. १९३८ चा जॉर्जियाचा मतदार जॉर्ज यांना आपला माणूस समजत होता, तर आज मतदार वाहिन्यांवरून आणि फोनवरून थेट नेत्याशी बांधलेला आहे आणि मधला खासदार त्याला अनोळखी झाला आहे. मीही याला अपवाद नाही. नागरिकत्व मिळाल्यापासून प्रत्येक नोव्हेंबरात मी मतदान केले आहे आणि जूनच्या प्रायमरीला एकदाही गेलेलो नाही.

उत्तररात्र

न्यू जर्सीकर यांच्या लेखनातील एका शब्दाबद्दल मला बोलायचे आहे, आणि तो शब्द "मतदार" हा आहे. १९३८ मध्ये जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिना येथील डेमोक्रॅटिक प्रायमरी फक्त गोऱ्यांसाठी होती. सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली ती १९४४ मध्ये. ज्या लोकांनी जॉर्ज यांना राष्ट्राध्यक्षांपासून वाचवले त्यांत कृष्णवर्णीय शेतमजूर नव्हताच. स्मिथ यांच्याबद्दल तर काय सांगावे? १९३६ च्या पक्ष अधिवेशनात कृष्णवर्णीय धर्मोपदेशक प्रार्थना म्हणायला उभे राहिले म्हणून ते सभागृह सोडून गेले होते. त्यांच्या विजयाला स्थानिक मतदारांचा स्वाभिमान म्हणायला माझे मन तयार होत नाही.

आणि हे केवळ जुन्या काळाचे नाही. १९ डिसेंबर २०२१ रोजी डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत जाहीर केले की, जो बायडेन यांच्या मोठ्या सामाजिक विधेयकाला ते मत देणार नाहीत. सिनेट ५० विरुद्ध ५० अशी होती, त्यामुळे एका माणसाच्या नकाराने सारे संपले. त्या वर्षी सहा वर्षांखालील मुलामागे दरमहा ३०० डॉलरपर्यंत आणि मोठ्या मुलामागे २५० डॉलरपर्यंत रक्कम पालकांच्या खात्यात जमा होत होती. ही मदत त्या विधेयकाने पुढे चालू राहायची होती, पण १५ डिसेंबरचा हप्ता शेवटचा ठरला. मॅन्चिन यांचे वेस्ट व्हर्जिनिया हे गरीब राज्य आहे, आणि जानेवारीत हप्ता न आलेल्या आया तिथेही होत्या.

न्यू जर्सीकर

गोऱ्यांच्या प्रायमरीचा मुद्दा माझ्याकडून निसटला होता, तो मी मान्य करतो. मॅन्चिन यांच्याबाबत एवढेच म्हणेन की, त्यांचे राज्य २०२० मध्ये ट्रम्प यांनी सुमारे ३९ टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. तिथून डेमोक्रॅट सिनेटर निवडून येत असे तो पक्षापासून अंतर राखूनच. ते अंतर नको असेल तर ती जागाही नको म्हणावी लागेल, आणि मग ऑगस्ट २०२२ मध्ये हवामान व औषधांच्या किमतींविषयीचा कायदा झाला तोही झाला नसता.

भीमाकाठ

उत्तररात्र यांनी माझ्या मांडणीतील कच्चा दुवा दाखवला आहे आणि मी दोन दिवस त्यावर विचार करत होतो. बंड केले एवढ्यावरून खासदाराला मोठे म्हणणे चूक होते. मी आता भेद असा करतो. १९३७ मध्ये व्हीलर यांनी राष्ट्राध्यक्षांना नवे कायदे मांडण्यापासून रोखले नाही. दुसऱ्या घटनात्मक संस्थेवर हात टाकण्यापासून रोखले. ७ ऑगस्ट १९७४ रोजी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे तीन ज्येष्ठ रिपब्लिकन वॉटरगेट प्रकरणात अडकलेले आपल्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटले आणि सिनेटमध्ये तुम्हाला वाचवण्याइतकी मते उरलेली नाहीत हे त्यांना तोंडावर सांगितले. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. तिथेही प्रश्न धोरणाचा नव्हता, कायद्यापुढे राष्ट्राध्यक्षाचे स्थान कोणते याचा होता. मॅन्चिन यांचा नकार धोरणाचा होता, त्यामुळे त्याचे मोजमाप त्या हप्त्यांवरूनच व्हावे, हे मला पटते.

वॉल्टर जॉर्ज यांनी न्यायालयाच्या विधेयकाला केलेला विरोध मी आजही बरोबर मानतो. झुंडबळीविरोधी विधेयकाला केलेला त्यांचा विरोध मी अक्षम्य मानतो. माणूस तोच होता आणि दोन्ही घटनांत एका वर्षाचेही अंतर नव्हते.