गच्चीवरची स्ट्रॉबेरी वेडीवाकडी आणि आंबट येत आहे, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

माझे आजोळ वाई तालुक्यातले. आई आता शहात्तर वर्षांची असून माझ्याकडे पुण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिला घेऊन पसरणीचा घाट चढून भिलारला गेलो होतो, तेव्हा एका शेतकरीदादांनी आम्हाला थेट वाफ्यात उतरून स्वतःच्या हाताने फळे खुडून खायला सांगितले. उन्हाने किंचित कोमट झालेले, देठाच्या टोपीखालीही पांढरेपणाचा मागमूस नसलेले ते फळ तोंडाशी नेण्याआधीच त्याचा वास आला होता. आई बांधावर बसून म्हणाली, "बाजारातल्या डब्यात हे कधी मिळालं नाही रे." महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते कशासाठी हे मला त्या एका घासात उमगले. ती चव आईला घरी मिळावी, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप आहे.

सप्टेंबरअखेरीस त्याच भागातल्या रोपवाटिकेतून 'विंटर डॉन' जातीची चोवीस रोपे आणून माती, कोकोपीट आणि शेणखताच्या मिश्रणात लावली. गच्चीवर पालेभाज्यांसाठी पूर्वीपासून हिरवे शेडनेट बांधलेले आहे, त्याखालीच कुंड्या आहेत. पाणी इमारतीच्या बोअरवेलचे देतो आणि दर पंधरा दिवसांनी थोडे युरियाचे पाणी घालतो.

पाने तळहाताएवढी, गर्द हिरवी झाली आहेत. मात्र जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपत आहेत. फुले नोव्हेंबरपासून भरपूर येतात, पण फळ एका बाजूने फुगते आणि दुसऱ्या बाजूने आखडते. भिंगाखाली पाहिले तर टोकाशी बारीक हिरव्या बिया खसखशीसारख्या दाटलेल्या दिसतात आणि तो भाग चावताना कडक लागतो. बुलबुल मोकळ्या बाजूने आत शिरून फळे टोचतात, म्हणून अर्धे लाल झालेले फळ काढून दोन दिवस स्वयंपाकघरात ठेवतो. रंग चढतो, पण गोडी येत नाही.

माझे नेमके काय चुकत आहे? गोडी मातीतून येते, खतातून येते की केवळ थंडीतून? आंबट फळांचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. आम्ही पाचगणीजवळ गेली बरीच वर्षे स्ट्रॉबेरी करतो. आपण सगळे बारकाईने लिहिल्यामुळे निदान सोपे झाले आहे.

ज्याला आपण बी म्हणतो तेच खरे तर या झाडाचे फळ, आणि आपण खातो तो फुलाचा फुगलेला तळ. फुलाच्या मधोमध जे हिरवट-पिवळे बोंड दिसते त्यावर कितीतरी स्त्रीकेसर असतात, आणि ज्या ज्या केसरावर पराग पोहोचतो तिथले बी भरते व भोवतीच्या गराला फुगवते. जिथे पराग पोहोचला नाही तिथे गर वाढत नाही, बिया मात्र तशाच दाटून राहतात. आपल्या शेडनेटखाली मधमाश्या फारशा येत नसणार. ते काढून टाका, आणि सकाळी दहानंतर, फुले कोरडी झाल्यावर, चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने बाहेरच्या पिवळ्या पुंकेसरांवरून मधल्या बोंडावर अलगद गोल फिरवा.

शेडनेट काढल्याने दुसराही लाभ होईल. साखर पानांत उन्हावर तयार होते. रात्री थंड असल्या की फळ सावकाश पिकते आणि त्याला गोडी भरायला अवधी मिळतो. डोंगरावर हे आपोआप साधते, पण पुण्यातल्या जानेवारीच्या रात्रीही काही वाईट नाहीत. युरिया ताबडतोब बंद करा, कारण जास्त नत्राने पाने माजतात आणि फळ पाणचट, बेचव होते. कडा करपणे हे बहुधा बोअरच्या क्षारांमुळे आहे, कारण स्ट्रॉबेरीला खारे पाणी अजिबात सोसत नाही. शक्य तर नळाचे पाणी द्या, आणि एकदा भरपूर पाणी घालून कुंडीतले क्षार खालून वाहून जाऊ द्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग चढला तरी गोडी वाढत नाही. लांबच्या बाजारासाठी आम्हालाही थोडी आधी तोडावी लागते. आपल्या आईंना डब्यातल्या फळात ती चव सापडली नाही, त्याचे हे मोठे कारण आहे. तेव्हा बुलबुलांसाठी फळांच्या घोसावर जाळीची छोटी पिशवी बांधा, टोपीपर्यंत लाल होऊ द्या आणि सकाळी न ओढता नखाने देठ खुडा. धुवायचे असल्यास टोपी काढण्याआधी धुवा, नाहीतर पाणी आत शिरते.

आंबट फळांचा मुरंबा करा. या फळात पेक्टिन, म्हणजे पाक घट्ट करणारा घटक, कमी असतो, म्हणून लिंबाचा रस घालावा म्हणजे पाक धरतो.

धागाकर्ता, पाच आठवड्यांनंतर

मनःपूर्वक आभार. शेडनेट उतरवले, युरिया थांबवला आणि रोज दहा-पंधरा फुलांवर कुंचला फिरवला. काल त्यांतले पहिले फळ टोपीपर्यंत लाल झाले. आकार शंकूसारखा नेटका होता आणि बिया सगळीकडे सारख्या अंतरावर होत्या. आईने गच्चीतच उन्हात उभे राहून ते खाल्ले, भिलारइतके गोड नाही म्हणाली, आणि पुढचे कधी तयार होईल ते विचारले.

आता रोपांना लांब रनर, म्हणजे टोकाशी नवे रोप धरणारे आडवे धुमारे, फुटू लागले आहेत. फळे चालू असेपर्यंत ते कापून टाकावेत, की त्यांतले दोन-चार शेजारच्या कुंडीत रुजवून एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातून जगवता येतील?